सूर्य बुडायच्या आत

“मॅडम, खाली तुमचे वडील आलेत,” फाटकावरचा पहारेकरी फोनवर म्हणाला. त्या वेळी माझ्या एका हातात मगदूम सरांचा जेवणाचा डबा होता आणि सर मला तो सरळ धरायला सांगत होते, कारण खालच्या कप्प्यात दही होतं.

माझ्या वडिलांना तिथे येण्याचं काही कारणच नव्हतं. शनिवारी दुपारी नाना ठाण्याच्या घरी पंखा लावून झोपतात आणि भूकंप झाला तरी चारच्या आत उठत नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून हळूच विचारलं, “कुणाचे वडील?”

“तुमचेच. टिपणीस नाव सांगतायत. खोपकरसाहेबांनी चर्चेला बोलावलंय म्हणे.”

मी डबा टेबलावर ठेवला. सरळ ठेवला, एवढं मात्र आठवतं.

याला आता वीसेक वर्षं झाली. मराठी वृत्तवाहिन्या तेव्हा नव्या नवलाईच्या होत्या आणि मुंबईत महालक्ष्मीच्या अशाच एका वाहिनीत मी पाहुणे जमवायचं काम करत होते. चर्चेत भांडायला माणसं लागतात. ती शोधायची, फोन करून पटवायची, गाडी पाठवून आणायची, तोंडाला पावडर लावून घ्यायची आणि लाल दिवा लागेपर्यंत एकमेकांपासून लांब ठेवायची. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. दोन बाजूंचे पाहुणे आधी भेटले की चर्चा गार पडते. एकदा धरणाच्या पाण्यावरून भांडायला आणलेले दोघे मेकअपच्या खोलीत बोलता बोलता एकमेकांच्या नात्यातले निघाले, आणि पुढचा अर्धा तास ‘आपलं म्हणणं अगदी रास्त आहे’ याच्यापलीकडे गाडी गेली नाही. तेव्हापासून मी एका पाहुण्याला एका टोकाच्या खोलीत आणि दुसऱ्याला दुसऱ्या टोकाच्या खोलीत ठेवायची, चहासुद्धा वेगवेगळा पाठवायची.

त्या शनिवारी मात्र मला धास्ती होती ती चर्चा गार पडेल म्हणून नव्हे.

मी आणि अभिनंदन मगदूम दोन वर्षं लग्न करायचं म्हणत होतो आणि दोन वर्षं कुणाच्याच घरी सांगत नव्हतो. तो सांगलीकडचा, जैन. त्याच्या घरी पावसाळ्यात पालेभाजी येत नाही, कारण तिच्यावर किडे असतात, आणि दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. आम्ही सीकेपी. आमच्याकडे रविवारी मटणाचा वास आला नाही तर शेजारी तब्येतीची चौकशी करायला येतात. वालाच्या बिरड्यात सुकी कोळंबी घातली नाही तर नाना पानावर बसून आजाऱ्यासारखं तोंड करतात. शिवाय नाना नुसते खाणारे नव्हेत. ऐन तारुण्यात रोह्याच्या रानात रीतसर परवाना काढून त्यांनी शिकार केलेली. अभिनंदनचे वडील रायगोंडा मगदूम, म्हणजे त्याचे आप्पा, निवृत्त मुख्याध्यापक, आणि शाकाहारावर गावोगाव व्याख्यानं देणारे. हे विळ्याभोपळ्याचं सख्य जुळवायचं कसं, हे आम्हा दोघांना काही केल्या सुचत नव्हतं.

‘शिकार, मांसाहार आणि आपण’ या चर्चेला मगदूम सरांना बोलवायचं, हे निरंजन खोपकरनं ठरवलं. तो आमचा सूत्रसंचालक आणि निर्माताही. त्यानं कुठेतरी सरांचं भाषण ऐकलं होतं. फोन मला करावा लागला. अभिनंदन म्हणाला, बरंच झालं, तू त्यांची चांगली सरबराई कर, पुढेमागे नाव सांगू तेव्हा चेहरा ओळखीचा असेल. म्हणून मी सरांना नुसतं ‘रेवती’ एवढंच नाव सांगितलं होतं, स्टेशनवर स्वतः आणायला गेले होते आणि मुंबईतल्या नातेवाइकांनी त्यांना सकाळी करून दिलेला डबा छातीशी धरून वर आले होते. दुसऱ्या बाजूनं बोलायला नाशिकचे एक हॉटेलवाले येणार होते. सकाळी त्यांनी अंग काढून घेतलं. खोपकरला आठवलं की जेवणाच्या सुट्टीत मी नानांच्या शिकारीच्या गोष्टी रंगवून सांगते. त्यानं मला न विचारता थेट आमच्या घरी फोन लावला.

मी जिन्यातूनच अभिनंदनला फोन केला. तो कुठल्यातरी बांधकामावर होता, मागे यंत्रं घरघरत होती. काय झालं ते त्यानं यंत्रांपासून लांब जाऊन ऐकलं. मग म्हणाला, “हे उद्या दिसणार ना गं सगळीकडे? आमची सगळी भावकी टीव्हीसमोर बसणार आहे. आप्पांचा अपमान झाला तर संपलंच, रेवती.”

“आणि नानांचा झाला तर?” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

नाना खाली सफारी घालून, बूट चकचकीत करून उभे होते. चेहऱ्यावर लग्नाला आल्याचा आनंद. मी त्यांना एका बाजूला घेतलं आणि सांगितलं की इथे मी तुमची मुलगी आहे हे समोरच्या पाहुण्यांना कळता कामा नये, घरचाच माणूस बसवला अशी तक्रार झाली तर माझ्यावर ठपका येईल. नानांना हौशी नाटकांची जुनी खोड. त्यांनी लगेच दोन पावलं मागे सरून मला नमस्कार केला आणि म्हणाले, “बरं मॅडम, मी कुठे बसू?”

मी त्यांना डाव्या टोकाच्या खोलीत बसवलं. सर उजव्या टोकाला. दोन्हीकडे माझ्या चकरा. सरांनी दोनदा विचारलं, “सूर्य बुडायच्या आत आटपेल न्हवं, बाळ? नाहीतर मी आत्ताच दोन घास खातो.” खोपकर म्हणाला होता चारला सुरू, पाचला मोकळे. मी तेच सांगितलं. मग आधीच्या कार्यक्रमाचे दिवे बिघडले, मग एक कॅमेरा रुसला. थंडीचे दिवस, अंधार लवकर पडायचा. पाच वाजून गेल्यावर मी सरांना म्हटलं, आता जेवूनच घ्या. ते डब्याकडे हात नेणार तेवढ्यात बोलावणं आलं. सर म्हणाले, “राहू दे. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको.”

स्टुडिओत दोघं समोरासमोर बसले आणि मी कॅमेऱ्यामागे उभी राहिले. दोघांपुढे नावाच्या पाट्या होत्या. ‘मोरेश्वर टिपणीस, माजी शिकारी’ ही पाटी सरांनी चष्मा वर करून वाचली, मग खाली करून वाचली. मी देवाचं नाव घेतलं. सरांना माझं आडनाव ठाऊक नाही, हीच माझी एक आशा होती.

खोपकरनं पहिलाच प्रश्न नानांना टाकला, की मुक्या जिवावर गोळी झाडताना तुम्हाला दया आली नाही का. नाना म्हणाले, “आली असती तर झाडली नसती.” खोपकर खूश झाला. नानांनी सांगितलं की मुख्यतः रानडुकरं मारली, गावची शेतं उद्ध्वस्त करायची ती. पण केवळ शेतासाठी मारली असं म्हटलं तर ते खोटं होईल, मजाही येत होती आणि मटणही लागत होतं. पुढे कायदा आला, बंदूक ठाण्यात नेऊन जमा केली. खोपकरनं विचारलं, कायदा आला नसता तर सोडली असती का? “नसती,” नाना म्हणाले.

सरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. “खरं बोललात,” ते म्हणाले.

मग सर बोलले. आवाज चढवायची त्यांना गरजच पडत नव्हती, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा तो आवाज होता. खोपकरनं त्यांना अडवायला पाहिलं, की तुमच्या उसाच्या शेतात औषध मारता तेव्हा किडे मरत नाहीत का? सर म्हणाले, “मरतात. बैलगाडीखाली मुंग्याही मरतात. माझ्या हातून हिंसा होत नाही असं मी कधीच म्हणत नाही. ती कमी करता येते, एवढंच म्हणतो. आणि कमी करायला कुणाची बंदी आहे का?” मग ते नानांकडे वळले. “टिपणीससाहेब, तुमच्या बंदुकीनं शेतं वाचली असतील. पण त्या डुकराला शेत कुणाचं हे कधी कळलं होतं?”

“नाही,” नाना म्हणाले. “याला माझ्याकडे उत्तर नाही. पण सर, जीभ आहे ना, तिलाही काही कळत नाही.”

कॅमेरावाला हसला. मीही हसले असते, पण खोपकरचं तोंड मला दिसत होतं. चर्चा गार पडत चालली होती. त्यानं दोनदा दोघांना डिवचलं, ढोंगी, क्रूर असे शब्द मुद्दाम मधे टाकले; ते कुणीच उचलले नाहीत. तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकला आणि त्यानं सरांना विचारलं, “मगदूम सर, आता अगदी घरातलं विचारतो. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिकार झाली, जिथे आजही मटण शिजतं, अशा घराशी तुम्ही सोयरीक कराल का? त्या घरची मुलगी सून म्हणून आणाल?”

हा प्रश्न दोन वर्षं मी आणि अभिनंदन उशाला घेऊन झोपत होतो आणि तो या माणसानं आमच्या दोघांच्या वडिलांना समोरासमोर बसवून, दिव्यांच्या झोतात विचारला होता. सर नाही म्हणाले असते तर ते नानांच्या तोंडावर म्हणाले असते, उद्या सगळ्या सांगलीनं ऐकलं असतं, आणि एकदा चारचौघांत दिलेला शब्द सर फिरवणार नाहीत हे मला अभिनंदननं शंभरदा सांगितलं होतं.

सरांनी नानांच्या नावाच्या पाटीकडे पाहिलं. मग मनगट जरासं वळवून घड्याळ पाहिलं आणि ते परत बाहीत सारलं. मी हातांनी खोपकरला खुणा केल्या, आवरतं घे म्हणून. त्यानं माझ्याकडे न पाहिल्यासारखं केलं. “सर, महाराष्ट्र वाट पाहतोय,” तो म्हणाला.

“एक मिनिट,” नाना म्हणाले. “सर, तुम्ही मघापासून घड्याळ बघताय. तुमचं जेवण राहिलंय का?”

“राहू द्या. चालायचंच.”

“चालायचंच काय? तुम्ही दिवसाउजेडी जेवणारे. बाहेर किती उजेड राहिलाय? या खोलीला तर खिडकीच नाही.” नाना खोपकरकडे वळले. “आमच्या वडिलांनी बंदूक हातात देताना एकच गोष्ट बजावली होती. दिवस मावळला की बार काढायचा नाही. अंधारात जखमी जनावर सापडत नाही, रात्रभर तडफडतं. तो नियम मी रानात पाळला. इथे पंख्याखाली बसून नाही मोडणार. यांना जेवू द्या.”

खोपकरनं सांगितलं की फक्त दहा मिनिटं राहिलीत आणि मुख्य उत्तरच बाकी आहे.

“अहो, खाण्यावरून भांडायचं आणि माणसाला उपाशी बसवून भांडायचं?” नाना म्हणाले. त्यांनी सफारीला लावलेला माइक स्वतःच उपटला, टेबलावर ठेवला आणि उठून सरांच्या खुर्चीपाशी गेले. “चला सर. मॅडम, यांचा डबा कुठे आहे?”

खोपकर मला काय काय बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. तो भाग पुढे दाखवला गेला तो तिथवरच, आणि त्याची चर्चा आमच्या इतर सगळ्या भांडणांपेक्षा जास्त झाली, हे त्याचं नशीब. तेव्हा मात्र मी डबा घेऊन धावत होते आणि माझ्यामागून दोन म्हातारे भराभर चालत होते. इमारतीच्या मागच्या बाजूला लोखंडी जिना आहे, पश्चिमेकडे तोंड असलेला. दार ढकललं तर रेसकोर्सच्या झाडांवर सूर्य अजून होता. फार नव्हता, पण होता.

“बसा, बसा,” नाना म्हणाले आणि स्वतः खालच्या पायरीवर बसले. मी बाटली दिली तर त्यांनीच सरांच्या हातावर पाणी घातलं. सरांनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगांची चटणी, दही. ते डोळे मिटून क्षणभर थांबले आणि मग गुपचूप, घाई न करता, पण न थांबता जेवायला लागले. नाना झाडांकडे बघत होते आणि अधूनमधून ‘आहे अजून, आहे’ असं सांगत होते. शेवटची अर्धी भाकरी सरांनी मोडून चटणीसकट नानांच्या हातावर ठेवली.

नानांनी घास घेतला. “वा,” ते म्हणाले. “ही चटणी मटणाच्या रश्श्यात—” आणि जीभ चावून थांबले.

सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. “बोला, बोला,” ते म्हणाले. “जिभेला काय कळतंय.”

डबा पुसून, बंद करून झाल्यावर ते पाणी प्यायले. तोवर झाडांमागे नुसती लाली उरली होती. मला वाटलं, सुटले. आता दोघांना वेगवेगळ्या गाडीत बसवायचं की झालं. तेवढ्यात सर म्हणाले, “टिपणीससाहेब, ही तुमची मुलगी ना?”

“ह्या? छे, ह्या इथल्या मॅडम आहेत,” नाना म्हणाले. दिलेला शब्द पाळत होते बिचारे.

“नाक तुमचंच आहे की.” सर माझ्याकडे वळले. “बाळ, आमच्या धाकट्या लेकीला तुझं नि अभिनंदनचं सगळं ठाऊक आहे. दिवाळीत तिनं आईला सांगितलं आणि आईनं मला. तेव्हा खोटं कशाला बोलू, मी चर्चेला आलोच नव्हतो. असल्या चर्चेसाठी रात्रभर गाडीत कोण बसतंय? मी मुलगी बघायला आलो होतो.”

नाना माझ्याकडे बघायला लागले. त्यांचं नाटक तिथंच संपलं. मग मला बोलावंच लागलं. अभिनंदन कोण, कुठे भेटला, दोन वर्षं कशी गेली, सगळं मी त्या जिन्यात उभं राहून सांगितलं, आणि सांगताना मला रडू आलं, याची लाज वाटली नाही.

“दोन वर्षं,” नाना म्हणाले. “मला भ्यायलीस होय? मी नाही म्हणेन म्हणून?”

“तुम्ही हो म्हणाल म्हणून,” मी म्हणाले. “तुम्ही हो म्हणाल, नवे कपडे घालून यांच्या दारात जाल, आणि ते नाही म्हणतील. ते मला बघवलं नसतं, नाना.”

नानांनी खिशातून रुमाल काढला, मला द्यायला म्हणून, आणि स्वतःच नाक पुसून परत ठेवला. मग घसा साफ करून सरांना म्हणाले, “त्या खोपकरच्या प्रश्नाचं उत्तर काय देणार होतात तुम्ही? इथे कॅमेरा नाही. मोकळेपणी सांगा. मला राग येणार नाही.”

“घरून निघताना ठरवूनच निघालो होतो,” सर म्हणाले. “मुलगी बघायची, चार शब्द समजुतीचे तिलाच सांगायचे आणि नाही म्हणून परत यायचं. तसं अभिनंदनच्या आईला बोलूनही आलो होतो. तिथं खुर्चीतही तोंडावर तेच आलं होतं.” ते जरा थांबले. “बाळ, तुझा तो फोन जरा लावून दे. घरचा नंबर सांगतो.”

मी लावून दिला. एकदा चुकला, परत लावला. सरांच्या घरी फोन लगेच उचलला गेला, जणू कुणी शेजारीच बसून होतं. अभिनंदनच्या आईचा आवाज एवढा खणखणीत की आम्हा दोघांनाही ऐकू येत होता. “जेवलासा का वेळेवर?”

“जेवलो. पोटभर जेवलो.”

“आणि बोललासा का तिच्यासंगं? न्हाई म्हणून सांगितलं?”

“ते राहिलंच,” सर म्हणाले.

नाना पायरीवरून उठून उभे राहिले होते. मी त्यांचा दंड धरला होता, का ते माहीत नाही.

“मग पोरगी तरी बघितली का नीट? कशी हाय?”

“अगं, कुठली नीट बघतोय,” सर म्हणाले. “सगळा वेळ नुसती पळत होती. पण तिच्या वडलांनी आज चालू कार्यक्रम बंद पाडून मला सूर्य बुडायच्या आत जेवायला बसवलंय. खाण बघितलीय मी. तू मातीचं काय विचारतीस?”